आधी जनरल रजिस्टर, मग फलक : गावातल्या जुन्या शाळांचा इतिहास नोंदवायचा कसा

गावातल्या बंद पडलेल्या शाळेची आठवण जपायची असं ठरलं की पहिली सूचना फलकाची येते. कुणीतरी देणगी जाहीर करतं, ग्रॅनाइट ठरतो, पाहुणे ठरतात, आणि मग कुणीतरी विचारतं, शाळा नेमकी कोणत्या साली सुरू झाली? इथं काम अडतं. किंवा अडत नाही, आणि ऐकीव साल दगडात कोरलं जातं. पुढच्या पिढीला तेच खरं वाटतं.

म्हणून इथं क्रम उलटा धरला आहे. आधी दप्तर, म्हणजे शाळेची जुनी रजिस्टरं आणि कागद, मग माणसं, मग फोटो आणि दगड सगळ्यात शेवटी. सातारा आणि सांगली जिल्ह्यांतली पाच-दहा हजार वस्तीची गावं डोळ्यांपुढं ठेवून लिहितो आहे, कारण कागद कुठं सापडेल हे त्या त्या भागाच्या इतिहासावर ठरतं. आणखी एक गोष्ट मला मनापासून वाटते. शाळेचा इतिहास म्हणजे संस्थापक, इमारत आणि नाव काढलेले चार विद्यार्थी एवढाच नव्हे. दुसरीतून शाळा सुटलेल्या मुलीचाही तो इतिहास आहे. तिची नोंद दप्तरात आहे, फक्त कुणी उघडून बघितलेली नाही.

गावात शाळा होत्या तरी किती?

एक वही घ्या आणि पारावर बसणाऱ्या चार जुन्या माणसांना गाठा. 'आपल्या गावात शाळा किती होत्या?' असं विचारलं तर 'एकच की, मराठी शाळा' असं उत्तर येईल. त्याऐवजी विचारा, 'तुमची शाळा कुठं भरायची?' मग देऊळ निघतं, चावडी निघते, कुणाच्या तरी वाड्याची ओसरी निघते, तालीम निघते, धर्मशाळा निघते. शाळेला स्वतःची इमारत ही पुष्कळ गावांत फार उशिरा आलेली गोष्ट आहे.

यादी करताना काही शाळा हमखास सुटतात, त्या मुद्दाम शोधा. मुलींची शाळा, जी पुढं मुलांच्या शाळेत मिसळली. उर्दू शाळा. जत तालुक्यात असाल तर कानडी शाळा. दलित वस्तीत वेगळी भरणारी शाळा. मिशनची शाळा. वसतिगृह, म्हणजे आपल्या तोंडातलं 'बोर्डिंग'. आणि रात्रीचे वर्ग. प्रौढांना साक्षर करण्याची ग्रामशिक्षण मोहीम १९५९ साली सुरू झाली ती सातारा जिल्ह्यातच, आणि तिथून ती राज्यभर गेली. गाव साक्षर झालं की ग्रामगौरव समारंभ व्हायचा. तुमच्या गावात तो झाला असेल, तर कंदिलाच्या उजेडात पाटी धरलेली माणसं किंवा त्यांची मुलं आजही भेटतील. त्या वर्गाला इमारत नव्हती म्हणून तो यादीबाहेर राहू नये.

मग गावठाणाचा एक साधा नकाशा काढा आणि शाळा जिथं जिथं भरली त्या जागांवर खुणा करा. एकच शाळा तीन ठिकाणी फिरली असेल तर तीन खुणा. हा नकाशा पुढच्या सगळ्या कामाचा पाया आहे.

शाळा कुणाची होती?

हा प्रश्न आधी सोडवा, कारण कागद मालकामागं जातो.

ब्रिटिश अमलातल्या सातारा जिल्ह्यातलं गाव असेल, तर १९२३ च्या प्राथमिक शिक्षण कायद्यानंतर शाळा लोकल बोर्डाच्या (जिल्ह्याच्या तेव्हाच्या स्थानिक स्वराज्य संस्थेच्या) स्कूल बोर्डाकडं आली. जुनी माणसं अजून 'बोर्डाची शाळा' म्हणतात ती हीच. १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा आल्या आणि शाळा त्यांच्याकडं गेल्या. सांगली जिल्ह्यातल्या वाचकांनी एक लक्षात ठेवावं : वाळवा, तासगाव, खानापूर हे तालुके पूर्वी सातारा जिल्ह्यातच होते. १९४९ मध्ये उत्तर सातारा आणि दक्षिण सातारा असे दोन जिल्हे झाले आणि १९६० मध्ये दक्षिण साताऱ्याचं नाव सांगली झालं. म्हणून त्याआधीचा पत्रव्यवहार शोधताना सांगलीत काही मिळालं नाही म्हणून थांबू नका. साताऱ्यातही विचारा.

संस्थानी गावांची गोष्ट वेगळी. सांगली, मिरज, जत, फलटण आणि औंध ही संस्थानं १९४८ मध्ये विलीन झाली. औंध संस्थानाचे तुकडे लांब लांब विखुरलेले होते. औंध आज खटाव तालुक्यात, सातारा जिल्ह्यात आहे, तर आटपाडी आणि कुंडल सांगली जिल्ह्यात. आटपाडीच्या शाळेचा १९४८ पूर्वीचा कागद शोधायचा तर औंध दरबाराच्या दप्तराचा माग काढावा लागतो. शासनाची पुराभिलेखागारं पुण्यात आणि कोल्हापुरात आहेत. तिथं जाण्याआधी संस्थानाचं नाव, गावाचं जुनं नाव आणि अंदाजे वर्षं लिहून न्या, म्हणजे तिथल्या माणसांना मदत करता येते.

खासगी संस्थेची शाळा असेल तर संस्थेच्या कार्यालयात जा. आपल्या भागात पहिलं नाव रयत शिक्षण संस्थेचं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कऱ्हाडजवळच्या काले गावी संस्था काढली आणि १९२४ मध्ये ती साताऱ्यात आली. रयतच्या हायस्कुलांची माहिती सहज मिळते. मात्र रयतने खेड्यापाड्यांत पाचशेहून अधिक व्हॉलंटरी शाळा चालवल्या होत्या आणि त्या पुढं स्कूल बोर्डाकडं गेल्या, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. तुमच्या गावची 'बोर्डाची शाळा' मुळात व्हॉलंटरी शाळा असू शकते. दप्तराच्या पहिल्या पानांवरचा शिक्का नीट बघा.

जनरल रजिस्टर

या कामात वेळ सगळ्यात जास्त इथं द्या.

जनरल रजिस्टर हे शाळेचं कायम जपायचं दप्तर. हजेरीपत्रकं काही वर्षांनी रद्दीत जातात, हे जात नाही, कारण दाखला यावरूनच निघतो. शाळा बंद पडली किंवा दुसऱ्या शाळेत मिसळली तर ते जवळच्या शाळेच्या, बहुधा केंद्रशाळेच्या कपाटात असतं. मुख्याध्यापकांना रीतसर अर्ज द्या. सोबत ग्रामसभेचा किंवा शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव जोडा. गुरुजींवर जबाबदारी असते, त्यांना कागदाचा आधार लागतो, आणि तो दिला की बहुतेक जण मनापासून साथ देतात. दप्तर शाळेबाहेर नेण्याची मागणी करू नका. सुट्टीच्या दिवशी त्यांच्यासमोर, ऑफिसातच बसून बघा. सगळे प्रयत्न थकले तर माहितीचा अधिकार आहेच. अर्जाला दहा रुपये लागतात आणि तीस दिवसांत उत्तर देणं बंधनकारक असतं. पण गावच्या कामाची सुरुवात त्यानं करू नये असं माझं मत आहे.

आता एक पान उघडा. डावीकडं अनुक्रमांक, मग मुलाचं नाव, जात, जन्मठिकाण, जन्मतारीख, आधीची शाळा, दाखल झाल्याची तारीख आणि इयत्ता. जुन्या पानांवर पहिलीच्या आधी 'बिगरी' दिसेल. उजवीकडं शाळा सोडल्याची तारीख, सोडल्याचं कारण आणि शेरा. जन्मतारखांच्या रकान्यात ओळीनं १ जून, १ जून, १ जून दिसलं तर दचकू नका. आई-बापाला तारीख सांगता आली नाही की गुरुजी शाळेच्या महिन्याची पहिली तारीख टाकून मोकळे होत. त्या तारखेवरून वय काढू नका, दाखल झाल्याचं साल तेवढं खरं धरा.

खरा इतिहास 'कारण' या रकान्यात आहे. 'परगावी गेला.' 'घरकाम.' 'गुरे राखण्यास.' 'सतत गैरहजर.' 'लग्न झाले.' 'मयत.' दोन-तीन शब्दांत एकेका घराची परिस्थिती लिहिलेली असते. माझी आग्रहाची विनंती आहे की हा रकाना सालवार उतरवून काढा. एका वहीत पाच उभ्या रेघा मारा : साल, एकूण दाखल, त्यात मुली, चौथीच्या आत सुटलेले, सुटण्याचं मुख्य कारण. जुन्या पानांपासून जिल्हा परिषदेच्या काळापर्यंत हे उतरवलं की मुली शाळेत कधी टिकायला लागल्या हे गावाला पहिल्यांदा स्वतःच्या आकड्यांत दिसेल.

मध्येच दाखल होणं थांबलेलं किंवा गळती वाढलेली दिसली, तर ते साल बाहेरच्या घटनांशी ताडून बघा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून प्लेगच्या साथी होत्या, गावं माळावर झोपड्या टाकून राहत. १९१८ ला इन्फ्लुएंझा. १९४२ नंतर आपल्या भागात प्रतिसरकारचा, म्हणजे इंग्रजांविरुद्धच्या समांतर सरकारचा काळ. ११ डिसेंबर १९६७ ला कोयनेचा भूकंप, पाटण भागात तर शाळांच्या भिंतीही गेल्या. १९७२ चा दुष्काळ, जेव्हा घरचे मोठे खडी फोडायला गेले आणि धाकटी भावंडं सांभाळायला थोरल्या मुली घरी राहिल्या. रजिस्टरमधला आकडा आणि घटना जुळते तेव्हाच लिहा. जुळत नसेल तर ओढूनताणून जोडू नका.

जुनी पानं मोडीत असू शकतात. मोडी वाचणारी माणसं आपल्याकडं अजून आहेत, जुन्या दस्तांचं लिप्यंतर करणाऱ्यांना विचारा. सालाच्या जागी शके असेल तर ७८ मिळवा : शके १८२२ म्हणजे १९००-०१. फोटो काढताना फ्लॅश नको. खिडकीजवळ, पान सपाट ठेवून, मोबाइल बरोबर वर धरून काढा. प्रत्येक फोटोला रजिस्टर क्रमांक आणि पान क्रमांक असं नाव त्याच दिवशी द्या, दुसऱ्या दिवशी काही आठवत नाही.

जातीच्या रकान्याबद्दल स्पष्ट बोललं पाहिजे. आकडेवारीसाठी तो महत्त्वाचा आहे. कोणत्या समाजाची मुलं गावच्या शाळेत कधी आली, हे त्याशिवाय कळणार नाही. पण पुस्तिकेत नावासमोर जात छापू नका, आणि हयात माणसांचे गुण, वर्तणुकीचे शेरे, जन्मतारखा बाहेर काढू नका.

एक रजिस्टर काय सांगू शकतं हे बघायचं तर साताऱ्यातच उदाहरण आहे. राजवाड्यातल्या सरकारी इंग्रजी शाळेत, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, ७ नोव्हेंबर १९०० रोजी 'भिवा रामजी आंबेडकर' या नावाची नोंद झाली. क्रमांक १९१४. ती एक ओळ जपली गेली म्हणून २०१७ पासून राज्यात ७ नोव्हेंबर हा विद्यार्थी दिवस पाळला जातो.

बाकीचे कागद

शाळेचं शेरेबुक मागा. त्यात तपासणीला आलेल्या साहेबांची मतं असतात : पट किती, छप्पर गळतं का, शिक्षक किती. सामानाचं डेडस्टॉक रजिस्टर मिळालं तर घंटा, बाकं आणि नकाशे कधी आले ते कळतं. ग्रामपंचायतीचं ठराव पुस्तक आणि देवस्थानच्या जमाखर्चाच्या वह्या बघा. १८८५ च्या सातारा गॅझेटियरमध्ये शिक्षणावर स्वतंत्र प्रकरण आहे आणि ते शासनाच्या संकेतस्थळावर वाचता येतं. १९६१ च्या जनगणनेच्या जिल्हा पुस्तिकेत गावनिहाय सोयींमध्ये शाळांची नोंद सापडते.

काही घरांत कागद मिळणार नाहीत. गांधीहत्येनंतरच्या १९४८ च्या जाळपोळीत अनेक शिक्षकांची घरं जळाली. पुढं २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत कृष्णाकाठची दप्तरं भिजली. भिजलेलं रजिस्टर सापडलं तर उन्हात टाकू नका आणि चिकटलेली पानं ओढू नका. सावलीत, पंख्याखाली, पानांच्या मध्ये कोरा कागद घालून आणि तो बदलत राहून हळूहळू वाळवा. सेलोटेप आणि लॅमिनेशन दोन्ही टाळा.

माणसांकडं जाताना

रजिस्टर आधी बघून जा. 'आक्का, तुमचं नाव मला दप्तरात सापडलं' असं म्हटलं की बोलणं आपोआप सुरू होतं. पुष्कळ बायकांना आपलं माहेरचं नाव कुठं लिहून ठेवलेलं आहे हेच माहीत नसतं. सासरी गेलेल्या मुलींना शोधणं कष्टाचं आहे, तरी शोधा. त्यांच्या भावजयांकडून फोन नंबर मिळतात.

'शाळा कशी होती?' या प्रश्नाला 'चांगली होती' एवढंच उत्तर मिळतं. बारीक विचारा. पाटी कशानं पुसायचा? शाळा सारवायची पाळी कुणाची असायची? मुली कुठं बसायच्या? पाणी कुठं प्यायचा, आणि सगळ्यांना एकाच ठिकाणी मिळायचं का? सुकडी, म्हणजे शाळेत मिळणारा खाऊ, कोण वाटायचं? गुरुजी कुणाच्या घरी राहायचे? फायनलच्या (सातवीच्या) परीक्षेला कुठल्या गावाला जावं लागायचं, चालत की बैलगाडीनं? शाळा का सुटली?

पाण्याचा प्रश्न टाळू नका. बाहेर बसवलं गेलेल्यांची आठवण आणि आत बसलेल्यांची आठवण एकाच शाळेची असते, दोन्ही पुस्तिकेत आल्या पाहिजेत. दलित वस्तीतल्या मुलाखती शक्यतो त्याच वस्तीतल्या तरुणानं किंवा तरुणीनं घ्याव्यात. वस्तीतल्या माणसापुढं लोक मोकळेपणानं बोलतात.

मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करण्याआधी परवानगी घ्या आणि सुरुवातीलाच नाव, तारीख आणि ठिकाण बोलून ठेवा. शब्द त्यांच्याच बोलीत उतरवा. 'बसायचो' असं म्हटलेलं 'बसत असू' करू नका. आठवणीतली सालं मात्र दप्तराशी ताडून घ्या. दोन्हीत फरक पडला तर दोन्ही छापा आणि कोणतं कुठून आलं ते लिहा.

फोटो

चौथी किंवा सातवीचा ग्रुप फोटो गावात दोन-चार घरांत तरी निघतोच. तो मागून नेऊ नका. त्या घरीच स्कॅन करा किंवा वरून फोटो काढा. ओळीनिहाय, डावीकडून नावं लिहून घ्या. तीन जणांना वेगवेगळं विचारा, म्हणजे चुका कळतात. मागं लिहायचं तर पेन्सिलनं, आणि मालकाच्या परवानगीनं.

इमारत अजून उभी असेल तर

जिल्हा परिषदेची जुनी खोली धोकादायक ठरली की तिच्या निर्लेखनाचा, म्हणजे नोंदीतून कमी करण्याचा, प्रस्ताव होतो आणि मग ती पाडली जाते. मुलांच्या जिवापुढं जुनी भिंत मोठी नाही, तेव्हा पाडण्याला विरोध करत बसण्यापेक्षा आधी नोंद करा. टेपनं खोल्यांची मापं घ्या, चारी बाजूंनी फोटो काढा, खिडक्यांचे गज, कौलांवरचे छाप, भिंतीवरचे सुविचार, फळा, दारावरची पाटी, सगळं टिपा. घंटा, म्हणजे बहुधा टांगलेला रुळाचा तुकडा, आणि जुना नामफलक भंगारात जाण्याआधी गटशिक्षणाधिकाऱ्यांना पत्र देऊन नव्या शाळेत ठेवून घ्या.

आता फलक

जागा कुणाची ते बघून परवानगी घ्या : देवळाला विश्वस्तांची, वाड्याला मालकाची, शाळेच्या आवारात शिक्षण विभागाची, मोकळ्या गावठाणात ग्रामपंचायतीचा ठराव. परवानगी लेखी हवी. मालक बदलला की तोंडी शब्द टिकत नाही.

मजकूर थोडा ठेवा. असा :

'या ओवरीत मुलींची मराठी शाळा भरत असे. सापडलेली सर्वांत जुनी नोंद : सन ……. शाळा येथून हलली : सन ……. आधार : जनरल रजिस्टर क्र. १.'

'स्थापना' असं लिहू नका, स्थापनेचा कागद हातात असल्याशिवाय. 'सर्वांत जुनी नोंद' हे नेहमी खरं राहतं. देणगीदाराचं आणि पुढाऱ्यांचं नाव पुस्तिकेत घ्या, दगडावर शाळेचंच राहू द्या. यावर गावात वाद होतो, म्हणून हा निर्णय वर्गणीच्या आधी बैठकीत लिहून घ्यावा. उर्दू शाळेच्या फलकावर उर्दू मजकूर, कानडी शाळेच्या फलकावर कानडी मजकूर मराठीसोबत हवाच.

कार्यक्रम आणि पुस्तिका

तारीख निवडायला आपल्याकडं तोटा नाही. सावित्रीबाईंचा जन्म नायगावचा, म्हणजे साताऱ्याचाच, तेव्हा मुलींच्या शाळेसाठी ३ जानेवारी. कर्मवीर जयंती २२ सप्टेंबरला. विद्यार्थी दिवस ७ नोव्हेंबरला. भाषणं कमी ठेवा आणि रजिस्टरच्या जुन्या पानांवरची नावं हजेरीसारखी वाचा. त्या घरातलं कुणी आलं असेल तर त्यांनी 'हजर' म्हणावं. यासाठी घरोघर आधी निरोप द्यावा लागतो, आणि तो निरोप देणं हेच अर्धं काम आहे.

पुस्तिकेत प्रत्येक शाळेला स्वतंत्र प्रकरण द्या : जागा, चालवणारे, सालं, शिक्षक, पटाचा तक्ता, आठवणी, फोटो. नाव काढलेल्या विद्यार्थ्यांना एक पान पुरे. शेवटी 'अजून न सापडलेलं' असं पान ठेवा. त्यात रिकाम्या जागा स्पष्ट लिहा : अमुक सालापूर्वीचं रजिस्टर नाही, अमुक गुरुजींचं पूर्ण नाव माहीत नाही. संपर्कासाठी शाळेचा किंवा वाचनालयाचा पत्ता द्या.

प्रती शाळेत, ग्रामपंचायतीत, गावच्या आणि तालुक्याच्या वाचनालयात आणि जिल्ह्याच्या ठिकाणच्या नगर वाचनालयात द्या, आणि पोच घ्या. मूळ स्कॅन आणि रेकॉर्डिंग दोन हार्ड डिस्कवर ठेवा. त्यातली एक नदीकाठापासून लांबच्या घरात असू द्या. पहिली आवृत्ती मुद्दाम थोडी छापा. पुस्तिका घरोघर पोचली की पेट्या उघडल्या जातात, दाखले निघतात, फोटो निघतात, 'हे नाव चुकलंय' असे फोन येतात. ते सगळं तारखेसह एका वहीत उतरवत जा आणि वर्षभरानं दुसरी आवृत्ती काढा.